दोन वर्षांचं ग्रीन कार्ड: अटी काढण्याचा अर्ज नीट कसा करायचा

लग्न करून अमेरिकेत आलेल्या आपल्या माणसांकडे ग्रीन कार्ड आलं की आधी ते देवापुढे ठेवलं जातं, मग त्याचा फोटो व्हॉट्सॅपवरून पुण्या-नाशकाला जातो आणि कार्ड पाकिटात जाऊन बसतं. त्यावरची मुदतीची तारीख कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीतल्या बाईंनी त्या तारखेवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं की माझं कार्ड दहा नव्हे, दोनच वर्षांचं आहे. हाताशी वेळ होता म्हणून निभावलं. पुढचं सगळं ज्यांच्या पाकिटात असं कार्ड आहे त्यांच्यासाठी.

तुमचं कार्ड सशर्त आहे का?

१९८६ साली अमेरिकी काँग्रेसने खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी कायदा केला. तुम्हाला कायम वास्तव्य मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर ते वास्तव्य सशर्त असतं आणि कार्ड दोन वर्षांचं मिळतं. भारतातून इमिग्रंट व्हिसावर आलात तर 'तो दिवस' म्हणजे विमानतळावर शिक्का बसला तो. अमेरिकेत राहूनच अर्ज केला असेल तर अर्ज मंजूर झाला तो. व्हिसा कधी मिळाला ह्याला इथे महत्त्व नाही. व्हिसा हातात पडला आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस पंधरा दिवसांवर असेल, तर तिकीट त्यानंतरचं काढा. थेट दहा वर्षांचं कार्ड मिळेल आणि हा लेख वाचायची गरज उरणार नाही.

कार्डावर 'सीआर१' किंवा 'सीआर६' लिहिलेलं असेल तर ते सशर्त. 'आयआर१' किंवा 'आयआर६' असेल तर निश्चिंत राहा. नवऱ्याला किंवा बायकोला नोकरीतून ग्रीन कार्ड मिळालं आणि जोडीदार म्हणून तुम्हालाही मिळालं, तर लग्न कितीही नवं असो, ही अट तुम्हाला लागत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या निम्म्या लोकांचं कार्ड नोकरीतून आलेलं असतं. त्यांचा 'काही करावं लागत नाही गं' हा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर असतो, तुमच्यासाठी नाही.

तारखेचं गणित

कार्डावरच्या अटी काढण्याच्या अर्जाचं नाव फॉर्म आय-७५१. तुम्ही आणि जोडीदार मिळून अर्ज करत असाल, तर तो कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांतच पोचला पाहिजे. मुदत १५ सप्टेंबर २०२६ ला संपत असेल, तर ही खिडकी १७ जूनला उघडते. अर्जाचं पाकीट टपालात कधी टाकलं हे धरत नाहीत, ते कधी पोचलं हे धरतात. दोन दिवस आधी पोचलं तर पैशांसकट परत येतं आणि त्या खटाटोपात तीन-चार आठवडे जातात. उशीर झाला तर उशिराचं सबळ कारण लेखी द्यावं लागतं आणि ते मान्य करायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या हाती. मुदत उलटली आणि काहीच पाठवलं नाही, तर वास्तव्याचा दर्जा आपोआप संपतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. ह्याची आठवण करून देणारं पत्र येईल अशी आशा धरू नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन नोंदी आजच टाका: खिडकी उघडायचा दिवस, त्याआधी सहा महिने आणि मुदत संपायचा दिवस.

भारतात गेलेले असताना खिडकी उघडली तरी अर्ज करता येतो, फक्त बोटांचे ठसे द्यायला बोलावलं की परत यावं लागतं. मुलं तुमच्यासोबत किंवा तुमच्यानंतर ९० दिवसांच्या आत सशर्त रहिवासी झाली असतील, तर ती तुमच्याच अर्जात बसतात. त्याहून उशिरा आलेल्या मुलाचा अर्ज वेगळा.

पुरावे: अल्बम नव्हे, बिलं

ह्या अर्जात सिद्ध काय करायचं असतं? लग्न खऱ्या संसाराच्या इराद्याने केलं होतं, एवढंच. पण इरादा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिकारी संसाराचा माग बघतो. आणि नेमकी इथेच आपली घरं कमी पडतात. संसार खरा असतो, पण त्याचा कागद नसतो. बँकेचं खातं नवऱ्याचं एकट्याचं, विजेचं बिल ह्याच्या नावावर, गाडी ह्याची, भाडेकरारावर लग्नाआधीपासून ह्याची एकट्याची सही. बायको दोन वर्षं त्याच घरात राहते, रोज दोघांचे डबे करते, आणि सरकारी नजरेला ती त्या घरात नसतेच. (उलटंही होतं. सिटिझन बायकोच्या घरी आलेल्या नवऱ्याची गत हीच.)

म्हणून हा अर्ज खरं तर कार्ड आल्याच्या आठवड्यातच सुरू होतो. भाडेकरारावर दोघांची नावं घाला. घरमालक मध्येच नवा करार करत नसेल तर निदान रहिवासी म्हणून नाव घालून घ्या. संयुक्त बँक खातं उघडा आणि ते वापरा. महिन्यापूर्वी शंभर डॉलर टाकून उघडलेलं खातं उलट संशय वाढवतं. पगार जमा होतोय, भाडं जातंय, दर शनिवारी पटेल ब्रदर्स ह्या भारतीय किराणा दुकानातली खरेदी दिसतेय, असं दोन वर्षांचं कंटाळवाणं स्टेटमेंट लाख मोलाचं. सगळी पानं पाठवायची गरज नाही. दर तिमाहीतलं एक स्टेटमेंट धरलं तरी सुरुवात, मध्य आणि शेवट झाकला जातो.

टॅक्स रिटर्न हा सगळ्यात वजनदार कागद. 'मॅरिड फायलिंग जॉइंटली', म्हणजे नवरा-बायकोने एकत्र, असं भरलेलं असेल तर त्या प्रत्येक वर्षाचं ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा) आयआरएस ह्या कर खात्याच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतं, ते जोडा. वेगवेगळं भरलं असेल तर का, हे दोन ओळींत सांगा. लग्नानंतर सवयीने 'सिंगल' म्हणून भरलं असेल तर ती चूक अर्जाआधी दुरुस्त करा, कारण सरकारला तुम्ही एकीकडे विवाहित आणि दुसरीकडे अविवाहित म्हणून सांगताय.

ह्यांच्या जोडीला आरोग्य विमा आणि कार विम्यावर दोघांची नावं, आयुर्विम्यात आणि ४०१(के) ह्या निवृत्तीच्या बचत खात्यात जोडीदाराचं लाभार्थी म्हणून नाव, दोघांच्या लायसन्सवर एकच पत्ता, एकत्र प्रवासाची तिकिटं, घर घेतलं असेल तर कर्जाचे कागद. मूल झालं असेल तर त्याच्या जन्मदाखल्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण केवळ तेवढ्यावर विसंबून बाकीचं टाळू नका.

सासू-सासऱ्यांच्या घरात राहत असाल तर भाडेकरार नसणारच, आणि अमेरिकी अधिकाऱ्याला एकत्र कुटुंब म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. ते तुम्ही सांगा. सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, घर त्यांच्या नावावर असल्याचा प्रॉपर्टी टॅक्सचा कागद, आणि त्याच पत्त्यावर तुम्हा दोघांच्या नावाने आलेली बँकेची, विम्याची, पगाराची पत्रं. नोकरीमुळे एक सिॲटलला आणि एक ऑस्टिनला असेल तर तेही लपवू नका. दोन्ही ऑफर लेटरं, एकमेकांकडच्या फेऱ्यांची तिकिटं आणि कुणी कधी कुठे राहिलं ह्याचा एक पानी खुलासा जोडा. खुलासा नसलेला वेगळा पत्ता हीच अडचण असते, अंतर ही नसते.

फोटो? लग्नाचे दोन पुरेत. अंतरपाट, मुंडावळ्या, सप्तपदी हे सगळं पहिल्या अर्जाच्या वेळी त्यांनी पाहिलंय. आता हवेत ते नंतरच्या दोन वर्षांतले, वेगवेगळ्या ऋतूंतले, इतर माणसांसोबतचे. पंधरा-वीस फोटो बस झाले, प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. व्हॉट्सॅपच्या गप्पांचे दोनशे स्क्रीनशॉट मात्र कृपा करून पाठवू नका.

प्रतिज्ञापत्रं किमान दोन घ्या, तुम्हा दोघांनाही ओळखणाऱ्यांकडून. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, तुमच्याशी नातं आणि माहिती कशी कळली, हे त्यात हवं. 'दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे' ह्या वाक्याला किंमत शून्य. 'मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं तेव्हा तो आठवडाभर सुट्टी घेऊन घरी होता, मी दोनदा डबा घेऊन गेले होते' हे वाक्य काम करतं.

नावाची भानगड वेगळी सांगायला हवी, कारण ती खास आपली आहे. पासपोर्टवर माहेरचं नाव, लायसन्सवर नवऱ्याचं नाव मधे घालून सासरचं आडनाव, बँकेत तिसरंच. तिन्ही तुम्हीच, हे अधिकाऱ्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. 'पूर्वी वापरलेली नावं' ह्या रकान्यात सगळी लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. जो कागद फक्त मराठीत असेल त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायला हवं.

फॉर्म भरणं आणि पाठवणं

फॉर्म पाठवायच्या आठवड्यातच यूएससीआयएस ह्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मित्राने दीड वर्षापूर्वी वापरलेली पीडीएफ नको, कारण आवृत्ती जुनी असेल तर अर्ज परत येतो. लागू नसलेल्या जागी 'एनए' लिहा, रिकामं ठेवू नका. कार्ड मिळाल्यापासून जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते लागतात. अटक, आरोप किंवा दंड झालाय का, ह्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, प्रकरण मिटलेलं असलं तरी. दुकानातल्या किरकोळ चोरीचा आरोप किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला असेल तर न्यायालयाचा प्रमाणित निकाल जोडा आणि पाठवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा दाखवा. संयुक्त अर्जावर दोघांच्याही हाताने केलेल्या सह्या हव्यात. टाइप केलेलं नाव म्हणजे सही नव्हे.

फी १ एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर आहे, त्यात ठशांचा खर्च आला. पाठवायच्या दिवशी आकडा पुन्हा तपासा. कागदी चेक आता चालत नाहीत. २८ ऑक्टोबर २०२५ नंतर क्रेडिट कार्डासाठी फॉर्म जी-१४५० किंवा बँक खात्यातून पैसे वळते करायला फॉर्म जी-१६५० जोडावा लागतो. कार्डाची मर्यादा तेवढी आहे ना हेही बघा. पैसे न वटल्यामुळे अर्ज परत येतो.

गठ्ठा असा लावा: वर पैशांचा फॉर्म, मग एक पानी पत्र आणि अनुक्रमणिका, मग सही केलेला अर्ज, कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, आणि मग पुरावे विषयवार. छापा एकाच बाजूला, स्टेपल नको, प्लॅस्टिकचे फोल्डर नकोत, कारण सगळं स्कॅन होतं. मूळ कागद घरी ठेवा, प्रती पाठवा. पाठवायचा पत्ता तुमच्या राज्यावर अवलंबून असतो. पाकिटाला ट्रॅकिंग हवंच, आणि बंद करण्याआधी सगळ्याचा स्कॅन करून ठेवा. पुढे मुलाखतीला हाच स्कॅन उघडून बसाल.

पावती आणि लांबलचक वाट

काही आठवड्यांत फॉर्म आय-७९७ ही पावती येते. दिसायला साधा कागद, पण जुनं कार्ड ४८ महिन्यांसाठी वाढवून देणारा हाच. मुदतवाढ ४८ महिन्यांची दिली आहे ह्यावरूनच वाट किती लांब असू शकते ते ओळखा. कार्ड आणि पावती मिळून तुमचा नोकरीचा आणि प्रवासाचा पुरावा होतो. ऑफिसच्या एचआरला एकट्या कार्डावरची उलटलेली तारीख दिसली की ते घाबरतात, त्यांना पावती दाखवा. अपार्टमेंटच्या टपालपेटीत पत्रं हरवतात, म्हणून टपाल खात्याची 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही फुकट सेवा आधीच सुरू करून ठेवा. पावती आलीच नाही किंवा हरवली, तर यूएससीआयएसच्या संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे कायम वास्तव्याचा तात्पुरता पुरावा म्हणून चालणारा, शिक्का मारून मागता येतो. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. फक्त टपालखात्याला सांगून भागत नाही.

भारतात जाऊन यायला हरकत नाही. जाताना मुदत संपलेलं कार्ड आणि मूळ पावती दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परतीच्या वेळी मुंबईच्या चेक-इन काउंटरवर ती मागतील. युरोपातल्या काही देशांत नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. ग्रीन कार्डामुळे त्यात सूट असते, पण मुदत उलटलेलं कार्ड आणि एक पत्र तिथे चालेल का, हे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. शक्य असेल तर थेट विमानच बरं. आईच्या आजारपणासाठी वर्षाहून जास्त राहावं लागेल असं दिसत असेल तर निघण्याआधी फॉर्म आय-१३१ भरून री-एन्ट्री परमिट मागा.

मधल्या काळात ठशांसाठी बोलावतील किंवा जुनेच वापरतील. पुरावे अपुरे वाटले तर जादा पुरावे मागणारं पत्र येतं. त्याला दिलेल्या मुदतीत, एकाच गठ्ठ्यात, मागितलेल्या प्रत्येक मुद्द्याला धरून उत्तर द्या. तुकड्यातुकड्यांनी पाठवलेलं धरत नाहीत.

नातं मोडलं असेल तर

ह्या भागासाठी मला सगळ्यात जास्त फोन येतात, आणि ते बहुतेक रात्री येतात. 'मी सही केली नाही तर तुला परत पाठवतील' ही धमकी कितीतरी घरांत दिली जाते. ती खोटी आहे. जोडीदाराच्या सहीशिवाय, एकट्याने हाच आय-७५१ भरता येतो. त्यासाठी कायद्यात कारणं ठरलेली आहेत: खऱ्या इराद्याने केलेलं लग्न घटस्फोटाने संपलं, जोडीदाराने मारहाण किंवा पराकोटीचा छळ केला, किंवा परत पाठवल्यास तुमची टोकाची ओढाताण होईल. जोडीदार वारला असेल तरी एकट्याने अर्ज होतो, मृत्यूचा दाखला जोडून. एकट्याच्या अर्जाला ९० दिवसांची खिडकी नाही, तो आधीही करता येतो आणि नंतरही.

घटस्फोटाच्या कारणासाठी न्यायालयाचा अंतिम हुकूम लागतो. दावा दाखल झालाय पण निकाल नाही, ही अवघड जागा. तेव्हा दाव्याचे कागद जोडून अर्ज केला तर हुकूम सादर करायला सांगणारं पत्र येतं, आणि त्यात साधारण ८७ दिवसांपर्यंतची मुदत असते. कॅलिफोर्नियात घटस्फोटालाच किमान सहा महिने लागतात, म्हणजे गणित आधीच मांडायला हवं. संयुक्त अर्ज भरल्यानंतर घटस्फोट झाला, तर तोच अर्ज हुकूम पाठवून एकट्याच्या अर्जात बदलून मागता येतो. नुसते वेगळे राहत असाल आणि दोघंही सही करायला राजी असाल तर संयुक्त अर्जाला बंदी नाही, पण वेगळे राहतो हे लपवायचं नाही. दोघं अमेरिकेत राहत असताना पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून घटस्फोट घ्यायचा विचार असेल, तर तुमचं राज्य तो मानेल का हे वकिलाला आधी विचारा.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. पैसे काढून घेणं, पासपोर्ट लपवणं, माहेरच्यांशी बोलू न देणं, सतत परत पाठवण्याची भीती घालणं, हेही त्यात येऊ शकतं. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी अर्ज करता येतो. डॉक्टरांच्या नोंदी, समुपदेशकाचं पत्र, शेजारणीचं प्रतिज्ञापत्र, तुम्ही बहिणीला पाठवलेले मेसेज आणि तुमचं स्वतःचं सविस्तर निवेदन हे सगळं विचारात घेतलं जातं. अशा अर्जाची माहिती छळ करणाऱ्याला देण्यास कायद्याने मनाई आहे, आणि पत्रव्यवहारासाठी सुरक्षित पत्ता देता येतो. न्यू जर्सीत 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये 'सखी', सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'मैत्री' ह्या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी वर्षानुवर्षं काम करतात. ह्या प्रकारचा अर्ज मात्र एकट्याने भरू नका, वकील घ्याच. आणि वकील म्हणजे परवाना असलेला वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. 'सगळं करून देतो' म्हणणारा ओळखीतला एजंट नव्हे.

अर्ज नाकारला गेला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं आणि ते सगळे पुरावे नव्याने बघतात. न्यायाधीशांचा अंतिम हुकूम होईपर्यंत तुमचा दर्जा टिकून राहतो. घाबरून विमानाचं तिकीट काढू नका.

मुलाखत आणि नागरिकत्व

पुरावे भक्कम असतील तर मुलाखत न घेताही मंजुरी मिळते. बोलावलंच तर दोघांनी मूळ कागद आणि अर्ज पाठवल्यानंतरचे ताजे पुरावे घेऊन जायचं. प्रश्न घरगुती असतात: भाडं कोण भरतं, सकाळी आधी कोण निघतं, मागच्या रविवारी काय केलं. पाठ करून गेलेली जोडपी एकसारखी वाक्यं बोलतात आणि ते लगेच कळतं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठी दुभाषी सोबत नेता येतो, त्यासाठी फॉर्म जी-१२५६ असतो.

सिटिझन जोडीदारासोबत नांदत असाल तर ग्रीन कार्डाच्या तारखेपासून तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, करता येतो. त्यात सशर्त काळही मोजला जातो आणि अर्ज ९० दिवस आधी पाठवता येतो. आय-७५१ तोवर लटकलेला असला तरी एन-४०० भरा. पुष्कळदा दोन्हींची मुलाखत एकाच दिवशी होते. घटस्फोट झाला असेल तर मात्र तीन नाही, पाच वर्षं.

नवं कार्ड टपालाने आलं की ह्या वेळी तरी नीट वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आणि 'रेसिडेंट सिन्स' ह्यापुढची तारीख, जी जुन्या कार्डावर होती तीच हवी. छापण्यात त्यांची चूक असेल तर फॉर्म आय-९० भरून कार्ड परत पाठवा, त्याची फी लागत नाही.